ठिपका कोणत्या घरचा? : बहुस्तरीय डेटा आणि स्कॅटर प्लॉट

१९८२ सालच्या एका अमेरिकी पाहणीतल्या १६० शाळा आणि त्यांतले ७१८५ विद्यार्थी. प्रत्येकाचे गणिताचे गुण नोंदलेले आहेत, आणि आईवडिलांचे शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न यांवरून काढलेला घरच्या परिस्थितीचा एक आकडाही आहे. ‘हायस्कूल अँड बियाँड’ या पाहणीतला हा डेटा अँथनी ब्राइक आणि स्टीफन रॉडनबुश यांच्या पाठ्यपुस्तकामुळे संख्याशास्त्राच्या वर्गावर्गांत पोचला. आर या मोफत सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या एनएलएमई पॅकेजमध्ये तो आयता मिळतो. या पुस्तकात वाचकाला त्याची सोबत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत राहील, म्हणून त्याची ओळख प्रस्तावनेतच करून देतो.

घरची परिस्थिती आडव्या अक्षावर आणि गुण उभ्या अक्षावर घेऊन सगळ्या ७१८५ मुलांचा स्कॅटर प्लॉट काढला आणि त्यातून एक सरळ रेषा नेली, तर तिचा चढ सुमारे ३.२ येतो. म्हणजे परिस्थितीचा आकडा एकने वाढला की गुण सरासरी तीनाहून थोडे अधिक वाढलेले दिसतात. आता मुले बाजूला ठेवून प्रत्येक शाळेची सरासरी परिस्थिती आणि सरासरी गुण घ्या. ठिपके १६० उरतात आणि रेषेचा चढ जवळजवळ ५.९ होतो. शेवटी प्रत्येक मुलाच्या आकड्यातून त्याच्या शाळेची सरासरी वजा करा, म्हणजे मुलाची तुलना फक्त त्याच्या वर्गमित्रांशी होईल. आता चढ २.२ वर उतरतो. मुले तीच, परीक्षाही तीच, आणि चढ मात्र तीन.

यातला खरा कोणता, असा प्रश्न विद्यार्थी लगेच विचारतात. तिन्ही खरे आहेत. २.२ हे एकाच शाळेतल्या दोन मुलांमधले अंतर सांगते, ५.९ हे दोन शाळांमधले. ३.२ हे या दोघांचे मिश्रण आहे, आणि ते नेमक्या कुठल्या प्रश्नाचे उत्तर आहे हे सांगणे सर्वांत अवघड. दुर्दैवाने सॉफ्टवेअरला काहीच न सांगता रेषा काढायला लावली, तर ते नेमकी हीच रेषा काढून देते.

हे तिन्ही चढ एका चित्रात एकत्र नांदताना पाहता येतात. प्रत्येक शाळेची रेषा वेगळी काढायची आणि ती त्या शाळेच्या ठिपक्यांपुरतीच ठेवायची, पुढेमागे वाढवायची नाही. मग हलाखीतल्या घरांची मुले जिथे जास्त, त्या शाळांच्या आखूड रेषा डावीकडे खाली दिसतात आणि सुखवस्तू शाळांच्या उजवीकडे वर. एकेक रेषा बेताने चढते, पण रेषांचे मध्यबिंदू डावीकडून उजवीकडे भराभर वर गेलेले असतात. जिन्याची प्रत्येक पायरी किंचित कललेली असावी आणि जिना मात्र उभा असावा, तसे ते दिसते. हे चित्र एकदा नीट पाहिलेला माणूस पुन्हा पायरीच्या चढाला जिन्याचा चढ म्हणत नाही. नुसत्या तक्त्यातून हाच भेद समजावायला मला तासन् तास लागतात, आणि तरी तो निसटतो.

या पुस्तकाचा आग्रह एवढाच आहे की स्कॅटर प्लॉटमधला ठिपका पाहताना तो कोणत्या घरचा, हे आधी विचारावे. ठिपका मुलाचा असेल तर शाळा कोणती, रुग्णाचा असेल तर रुग्णालय कोणते, मोजमापाचा असेल तर माणूस कोणता. हे न विचारता काढलेली रेषा कितीही सुबक असली, तरी ती कशाविषयी बोलते आहे ते आपल्याला माहीत नसते.

असा घरादाराचा डेटा दुर्मीळ नाही. उलट, आपल्या हाती येणारा बहुतेक डेटा असाच असतो. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहिले आहे. त्यात आधी गावे आणि शहरी वस्त्या निवडतात, मग त्यांतली घरे. मूल घरात, घर गावात, गाव जिल्ह्यात, जिल्हा राज्यात अशी ती उतरंड आहे. एका गावातली मुले एकच पाणी पितात, एकाच अंगणवाडीत जातात, एकाच दुष्काळातून जातात. त्यांची उंची आणि वजने एकमेकांसारखी असणारच. अशा सर्वेक्षणातून आलेल्या मुलांचे ठिपके सुटे सुटे मानणे म्हणजे सर्वेक्षण कसे झाले तेच विसरणे.

दुसरा प्रकार एकाच माणसाच्या अनेक नोंदींचा. इथे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांची आठवण होते. अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळून ते पुण्याला परतले. माणसामाणसांत जसा फरक असतो तसा एकाच माणसाच्या उष्मांकांच्या हिशोबातही वेळोवेळी फरक पडतो, हा फरक बराच मोठा असतो आणि शरीर त्याच्याशी जुळवून घेते, असे त्यांनी शेल्डन मार्गेन यांच्याबरोबर मांडले. सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित मोजला तर कुपोषितांची संख्या फुगते, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. त्यावर १९८० च्या सुमारास मोठा वाद झाला. पुण्याच्याच वि. म. दांडेकरांनीही त्यात भाग घेतला. वाद कोणी जिंकला हा या पुस्तकाचा विषय नाही. पण प्रश्नाची जात पाहा: दिसणाऱ्या पसाऱ्यातला किती माणसामाणसांतला आणि किती एकाच माणसाच्या आतला? ज्या डेटात प्रत्येक माणसाचा एकच ठिपका आहे, तो या प्रश्नाला उत्तरच देऊ शकत नाही. त्याच माणसाचे अनेक ठिपके हवेत, आणि ते त्याच माणसाचे आहेत हे चित्रात दिसायला हवे.

विषयाच्या इतिहासात थोडे मागे गेले तर एक विलक्षण गोष्ट दिसते. फ्रान्सिस गॅल्टनने १८८६ साली आईवडिलांची सरासरी उंची आणि त्यांच्या प्रौढ मुलांची उंची यांची सांगड घालणारा तक्ता प्रसिद्ध केला. आज आपण ज्याला रिग्रेशन म्हणतो त्याचा हा उगम. त्याने स्त्रियांच्या उंचीला १.०८ ने गुणून पुरुषांच्या मापात आणले, आणि ९२८ मुले २०५ जोडप्यांच्या नावे मांडली. म्हणजे सरासरीने घरटी साडेचार मुले! ही भावंडे होती, बहुस्तरीयच डेटा होता. गॅल्टनच्या मूळ वहीत नोंदी कुटुंबवार आहेत, पण छापील तक्त्यात उरल्या त्या चौकटीतल्या संख्या. कोण कोणाचा भाऊ हे त्यात कळत नाही. गॅल्टनच्या प्रश्नाला त्याने फारसा धक्का लागला नाही. पण कुटुंब पुसून टाकायची ती सवय पुढे विषयात मुरली असे मला वाटते.

त्या सवयीची किंमत १९५० साली विल्यम रॉबिन्सन यांनी आकड्यांत दाखवली. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत त्यांनी परदेशात जन्मलेले असणे आणि निरक्षर असणे यांचा सहसंबंध तपासला. माणसामाणसांच्या पातळीवर तो धन होता, सुमारे ०.१२. स्थलांतरित लोकांत निरक्षरता थोडी जास्त होती. राज्याराज्यांच्या टक्केवाऱ्या घेतल्या तेव्हा तोच सहसंबंध उणे ०.५३ निघाला, म्हणजे ज्या राज्यांत स्थलांतरित जास्त तिथे निरक्षरता कमी. यात गूढ काही नाही. स्थलांतरित लोक जिथे स्थानिकांमध्ये साक्षरता चांगली होती अशा राज्यांत जाऊन राहिले. राज्यांच्या आलेखावरून माणसांविषयी बोलणारा मात्र थेट उलटे बोलला असता. आपल्याकडे जिल्हावार टक्केवाऱ्यांचे स्कॅटर प्लॉट काढून त्यांवरून कुटुंबांविषयी विधाने करणारे लेख आजही छापून येतात, म्हणून रॉबिन्सन यांचा तो जुना निबंध मला अजून ताजा वाटतो.

आता चित्रे काढण्याच्या कामाकडे वळतो. पुस्तकाचा मोठा भाग त्यावरच आहे.

पहिली अडचण गर्दीची. सात हजार काळे ठिपके एकाच चौकटीत टाकले की शाईचा डाग तयार होतो. ठिपके पारदर्शक करावेत, लहान करावेत. जिथे मोजमाप ठरावीक किमतींवरच अडकते तिथे ठिपके किंचित हलवून मोकळे करावेत. शाळांच्या डेटात एवढे केले तरी एक गोष्ट लगेच नजरेत येते. गुण २५ च्या जवळ जाऊन थांबतात आणि वरच्या कडेला ठिपके दाटतात. परीक्षेला छत आहे. हुशार मुलांमधला फरक या परीक्षेला मोजता येत नाही, आणि ज्या शाळेत अशी मुले पुष्कळ, तिथली रेषा केवळ त्या छतामुळे आडवी पडू शकते. ही शंका कुठल्याही प्रतिमानाच्या छापील निकालात लिहून येत नाही.

दुसरी अडचण गटाची. जीजीप्लॉट हे आरमधले आलेखांचे पॅकेज वापरणाऱ्या नवख्याला हमखास येणारा अनुभव असा: शाळेनुसार रंग द्यायला सांगितले तर फिक्या निळ्यापासून गडद निळ्यापर्यंत छटा येतात आणि रेषा मात्र एकच निघते. शाळेचा सांकेतांक आकड्यात आहे, म्हणून सॉफ्टवेअरने त्याला वजन-उंचीसारखे मोजमाप समजलेले असते. सांकेतांक हे नाव आहे, संख्या नव्हे, हे त्याला सांगावे लागते. ते सांगितले की दुसरे टोक: १६० शाळांना १६० रंग, आणि बाजूची रंगसूची एवढी लांब की आलेखाला जागाच उरत नाही. माणसाचा डोळा सात-आठ रंगांपलीकडे खात्रीने भेद करत नाही. म्हणून सगळ्या रेषा बारीक, करड्या आणि फिक्या काढाव्यात, आणि ज्या दोन-तीन शाळांविषयी बोलायचे आहे त्यांनाच रंग द्यावा. फरक सरकारी आणि कॅथलिक शाळांमधला दाखवायचा असेल तर रंग दोनच पुरतात. रंग कशासाठी खर्च करायचा हे आधी ठरवणे, हाच त्यातला अर्धा विचार आहे.

तिसरा मार्ग, आणि माझ्या मते सर्वांत फलदायी, प्रत्येक गटाला स्वतःची छोटी चौकट देण्याचा. १६० चौकटी एका पानावर मावत नाहीत आणि मावल्या तरी वाचवत नाहीत. कॅथलिक शाळांतून २० आणि सरकारी शाळांतून २० चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात. मग आणखी ४० निवडून पुन्हा काढावे, म्हणजे पहिल्या चित्रात दिसलेले टिकते का ते कळते. चौकटींचे दोन नियम मी काटेकोरपणे पाळायला सांगतो. सर्व चौकटींचे अक्ष सारखेच असावेत. सॉफ्टवेअर प्रत्येक चौकटीला स्वतंत्र मापपट्टी द्यायची सोय देते, आणि तसे केले की चौकटी भरलेल्या आणि देखण्या दिसतात, पण ८ गुणांची शाळा आणि १६ गुणांची शाळा एकाच उंचीवर येतात. तुलनेसाठी काढलेले चित्र तुलनाच करू देत नाही. दुसरे, चौकटींचा क्रम सांकेतांकाचा नसावा. सरासरी गुणांनुसार, किंवा घरच्या सरासरी परिस्थितीनुसार लावावा. आपोआप मिळणारा क्रम अकारविल्हे किंवा अंकानुसार असतो, आणि त्या क्रमाने पाहिले की पुष्कळदा पसारा दिसतो, आकृतिबंध दिसत नाही.

अशा चौकटींतल्या तीन शाळा जवळून पाहू. सांकेतांक १२२४ ही सरकारी शाळा, ४७ विद्यार्थी. ठिपके बहुतेक डाव्या बाजूला, सरासरी गुण दहाच्याही किंचित खाली, चढ अडीच. शेजारी १२८८, तीही सरकारी, २५ विद्यार्थी. गुण वर आहेत आणि चढही सव्वातीनाच्या घरात. मग १३०८, कॅथलिक, २० विद्यार्थी. सरासरी सोळाच्या वर आणि रेषा जवळजवळ सपाट, चढ ०.१३. या शाळेत घरची परिस्थिती कशीही असो, गुण सारखेच, असे म्हणण्याचा मोह होतो. त्यातूनच कॅथलिक शाळा गरीब-श्रीमंतांमधले अंतर कमी करतात का, हा प्रश्न निघतो. जेम्स कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात याच पाहणीवरून ही चर्चा पेटवली होती. पण १३०८ मध्ये वीसच ठिपके आहेत, तेही बहुतेक उजव्या बाजूला. थोड्या रुंदीत पसरलेल्या वीस ठिपक्यांवरून काढलेली रेषा एखाद-दुसऱ्या मुलामुळे फिरू शकते. प्रश्न सुचवण्याचे काम चौकटीने चोख केले. उत्तराचा भार तिच्यावर टाकू नये.

छोट्या चौकटींची ही पद्धत बेल लॅबोरेटरीजमध्ये विल्यम क्लीव्हलंड, रिचर्ड बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रेलिस या नावाने घडवली. आरमध्ये ती लॅटिस या पॅकेजने आली, आणि लॅटिसचे कर्ते दीपायन सरकार हे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या दिल्ली केंद्रातले प्राध्यापक. क्लीव्हलंड यांच्या १९९३ च्या पुस्तकातले बार्लीचे उदाहरण या क्षेत्रात सर्वांना माहीत असते: मिनेसोटातली ६ ठिकाणे, १० वाण, १९३१ आणि १९३२ ही दोन वर्षे. खुद्द रोनाल्ड फिशरनी वापरलेला हा डेटा वर्षानुवर्षे पुस्तकांतून फिरत होता. ठिकाणांच्या चौकटी उत्पन्नानुसार एकाखाली एक लावल्या तेव्हा दिसले की पाच ठिकाणी १९३१ चे पीक जास्त आहे आणि मॉरिस या एकाच ठिकाणी १९३२ चे. तिथे वर्षांची अदलाबदल झाली असावी, असे क्लीव्हलंड यांचे म्हणणे. नंतर इतर नोंदी तपासणाऱ्यांनी हवामानामुळेही असे घडू शकते असे दाखवले. प्रमाद असो वा हवामान, मॉरिसकडे बोट दाखवले ते चौकटींच्या मांडणीने.

रेषेभोवती सॉफ्टवेअर जो करडा पट्टा काढून देते त्याबद्दलही इथेच बजावतो. सर्व मुलांच्या ढगावरची रेषा आणि तिचा पट्टा काढताना ७१८५ ठिपके एकमेकांपासून स्वतंत्र धरलेले असतात. गणिताच्या गुणांतला सुमारे १८ टक्के फरक शाळाशाळांमधला आहे, म्हणजे एका शाळेतली मुले एकमेकांसारखी आहेत. तो पट्टा जेवढा अरुंद दिसतो तेवढी आपली खात्री नसते. पहिल्या पाहणीत मी तो बंद करून ठेवायला सांगतो.

एकाच माणसाच्या अनेक नोंदींसाठी या पुस्तकात झोपेचा डेटा घेतला आहे. आरच्या एलएमई-फोर पॅकेजमध्ये तो मिळतो: १८ माणसे, दहा दिवस, झोप रात्री तीन तासांवर आणलेली, आणि रोज प्रतिक्रिया द्यायला किती मिलिसेकंद लागले त्याची नोंद. सरासरीने दिवसाला दहा-साडेदहा मिलिसेकंदांची वाढ होते. हे वाक्य वाचून डोळ्यांपुढे हळूहळू मंदावत जाणारा एक माणूस येतो. अठरा चौकटी काढल्या की तो माणूस नाहीसा होतो. ३०८ क्रमांकाचा माणूस दिवसाला वीसहून अधिक मिलिसेकंदांनी मंदावतो. ३०९ जवळपास जिथल्या तिथे राहतो, आणि शेवटच्या दिवशीही इतर अनेकांच्या पहिल्या दिवसापेक्षा चपळ असतो. ३३५ ची रेषा तर किंचित खाली उतरते. ठिपके रेघेने जोडून पाहिले तर आणखी एक प्रश्न पडतो: पुष्कळ चौकटींत सुरुवातीचे दोन-तीन दिवस रेघ फारशी वर जात नाही. त्याचे उत्तर पॅकेजच्या आजच्या माहितीपत्रकात आहे. सुरुवातीचे दिवस सरावाचे आणि नेहमीच्या झोपेचे होते, झोप तोडली ती त्यानंतर. ज्याने आधी चित्र पाहिले तो पहिल्या दिवसापासून सरळ रेषा बसवण्याआधी थबकतो.

या सगळ्याच्या पुढची पायरी म्हणजे रेषांचाच स्कॅटर प्लॉट. प्रत्येक शाळेची रेषा दोन आकड्यांत सांगता येते: शाळेच्या सरासरी मुलाचे अपेक्षित गुण, आणि चढ. १६० शाळांचे हे आकडे घेऊन नवा आलेख काढला की आपण वरच्या पातळीवर जातो. आता ठिपका शाळेचा आहे. त्यासाठी आधी मुलांच्या आकड्यांतून शाळेची सरासरी वजा केलेली असावी. नाहीतर रेषा जिथे शून्याला भेटते तिथे त्या शाळेतले मूलच नसते, आणि दोन आकड्यांत खोटे नाते दिसू लागते. ठिपक्याचा आकार विद्यार्थिसंख्येनुसार ठेवावा. एवढे केले की ध्यानात येते की टोकाचे चढ बरेचदा लहान ठिपक्यांचे आहेत. सुट्या रेषांमध्ये काही चढ शून्याच्या खाली जातात, काही सहाच्या वर. बहुस्तरीय प्रतिमान बसवल्यावर मात्र शाळांच्या खऱ्या चढांचा पसारा सरासरी २.२ भोवती बराच आवळलेला निघतो. प्रमाण विचलन ०.८ च्या आसपास, म्हणजे बहुतेक शाळा साधारण अर्ध्यापासून पावणेचारापर्यंत. बाकीची धावपळ थोड्या मुलांमुळे आलेली होती. कॅथलिक शाळांचा चढ सरासरीने कमी, ही गोष्ट मात्र प्रतिमानातही टिकून राहते.

या आवळण्यामागचे कारण शाळांपेक्षाही रेडॉनच्या डेटात चटकन उमगते. अँड्र्यू गेलमन आणि जेनिफर हिल यांच्या पुस्तकात मिनेसोटातल्या ८५ काउंट्यांमधल्या ९१९ घरांत मोजलेला हा किरणोत्सारी वायू आहे. लॅक की पार्ल काउंटीत फक्त दोन घरे मोजली होती आणि दोन्हींत रेडॉन भरपूर निघाला, म्हणून सुट्या सरासरीत ती काउंटी राज्यात पहिली येते. सेंट लुइस काउंटीत शंभराहून अधिक घरे. दोघींच्या चौकटी शेजारी ठेवल्या, आणि प्रत्येकीत तीन रेषा काढल्या (फक्त तिची, साऱ्या राज्याची, आणि प्रतिमानाने काढलेली मधली), तर सेंट लुइसमध्ये मधली रेषा तिच्या स्वतःच्या रेषेला जवळजवळ चिकटलेली असते आणि लॅक की पार्लमध्ये राज्याच्या रेषेकडे ठळकपणे ओढलेली. दोन घरांवर किती विश्वास ठेवायचा, हे तिथे डोळ्यांनी दिसते.

आधी चित्रे पाहून मग प्रतिमान ठरवणे म्हणजे हवे ते शोधणे नव्हे का, असा आक्षेप काही सहकारी घेतात. आक्षेपात तथ्य आहे. ढगात आकार दिसायची खोड डोळ्याला आहेच. त्यावर उपाय आहे, तोही चित्राचाच. मुलांवरची शाळांची नावे पिसून पुन्हा वाटावीत आणि तोच आलेख काढावा. असे एकोणीस आलेख काढून त्यांत खरा आलेख विसावा म्हणून मिसळावा आणि डेटा न पाहिलेल्या माणसाला वेगळा कोणता ते ओळखायला सांगावे. आंद्रेयास बुजा, डायॅन कुक, हॅडली विकम आदींनी ओळख परेडीसारखी ही पद्धत मांडली आहे. शाळांची नावे पिसली की वरचा जिना पार कोसळतो, १६० आखूड रेषा मध्यभागी एकमेकींवर येऊन पडतात. खरा आलेख ओळखायला मग कोणाला वेळ लागत नाही. चढांमधल्या फरकाची गोष्ट वेगळी. तिथे शाळांची नावे तशीच ठेवून, सर्व शाळांना एकच चढ देणाऱ्या प्रतिमानातून खोटे गुण तयार करावे लागतात, आणि खरा आलेख ओळखताना माणसे चाचपडतात. ती चाचपड हीसुद्धा माहितीच आहे.

पुस्तक वाचायला सरासरी, प्रमाण विचलन आणि सरळ रेषेचे समीकरण एवढे आले तरी पुरे. बहुस्तरीय प्रतिमान शेवटच्या दोन प्रकरणांत येते, त्याआधी नाही. कारण चित्रांनी प्रश्न उभे केल्याशिवाय त्याची गरज पटत नाही. उदाहरणे आरमध्ये आहेत. स्टाटा किंवा पायथॉन वापरणाऱ्यांना चौकटी, गट आणि पारदर्शकता यांच्या आज्ञा वेगळ्या लिहाव्या लागतील, निर्णय तेच राहतील. त्रिस्तरीय डेटासाठी, म्हणजे मूल, शाळा आणि जिल्हा एकत्र आले की, एका पानाचे चित्र अपुरे पडते. तिथे मी जिल्ह्यागणिक एक पान करायला सांगतो. ज्या डेटात घरटी दोनच माणसे आहेत, जसे जुळी भावंडे किंवा पतिपत्नी, तिथे चौकटी निरुपयोगी आहेत. दोन ठिपके एका छोट्या रेघेने जोडावेत आणि रेघांची दिशा पाहावी.

पहिले प्रकरण उघडण्याआधी वाचकाने एक काम करावे. शाळांच्या डेटातून १४६१ आणि १४६२ या दोनच शाळा वेगळ्या काढाव्यात आणि सारख्या अक्षांच्या दोन चौकटींत त्यांचे ठिपके टाकावेत. पहिलीचा चढ सहाच्या वर आहे, दुसरीचा शून्याच्या खाली. रेषा लगेच काढू नये. आधी नुसते ठिपके पाहून कोणता ठिपका पुसला तर रेषा किती फिरेल याचा अंदाज कागदावर लिहावा, मग तो ठिपका वगळून रेषा काढावी, आणि दोन्ही चढ अंदाजाशेजारी मांडून ठेवावेत. तिसऱ्या प्रकरणात तो कागद लागेल.